आत्यांच्या पंगतीतलं ‘नको’

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्यांचा टेम्पो कार्यालयाच्या मागच्या दाराशी लागला की सगळ्यात आधी खाली यायची ती सलूनची खुर्ची. पातेली, झारे, पराती हे सगळं नंतर. खुर्ची लोखंडी बुडाची, लाल रेक्झीनची, मान टेकायला उशी असलेली आणि गोल फिरणारी होती. चार गडी घाम गाळत ती उतरवत आणि आत्या शेजारी उभ्या राहून ओरडत, ‘‘हळू रे मुडद्यांनो! पातेल्याला पोचा आला तरी चालंल, खुर्चीला न्हाई!’’

कर्जतच्या एका मंगल कार्यालयात मी तेव्हा मॅनेजर होतो. गावात केबल टीव्ही नुकताच येऊ लागला होता आणि नगरला बुफे नावाचा एक प्रकार निघालाय, त्यात माणसं उभ्यानं जेवतात, असं लोक एकमेकांना सांगत होते. मॅनेजर म्हणजे तारखा लावायच्या, जनरेटरला डिझेल आणायचं आणि वरपक्षाला आंघोळीला गरम पाणी पोचलं नाही की शिव्या खायच्या. उरलेल्या वेळात मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन बसायचो, म्हणून आत्या मला ‘पुस्तकराव’ म्हणत. त्यांचं स्वतःचं नाव मी एकदा विचारलं होतं. ‘‘का? माजं बारसं करायचंय?’’ एवढंच उत्तर मिळालं. मग मीही सगळ्यांसारखा आत्याच म्हणत राहिलो.

आत्या लग्नाच्या स्वयंपाकाची कंत्राटं घेत. नवरा आचारी होता. तो गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता भांडी विकून मोकळी होईल. बाईंनी गल्लीतलं सलून बंद पडलं तेव्हा तिथली खुर्ची विकत घेतली आणि कंत्राटं दुप्पट केली. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, तोंडात लवंग, आवाज भटारखान्यातून थेट बोहल्यापर्यंत जाणारा. पदार्थ त्या कधी चाखून बघत नसत. वास घेत आणि ‘‘मीठ टाका’’ म्हणत. याच्यामागे काही दैवी शक्ती आहे असं त्यांच्या माणसांना वाटे. माझं म्हणणं असं की वरणात मीठ बहुतेक वेळा कमीच असतं.

खुर्ची भटारखान्याच्या मधोमध ठेवत. तिचा नियम असा, की ज्याला नकोसं झालं त्यानं जाऊन बसायचं. बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. तो उठेल तेव्हा उठेल. मी असल्या नियमांकडे संशयानं बघणारा माणूस. बसायची मुभा असली की सगळेच बसतात, हे मत मी आमच्या विश्वस्त मंडळाकडे बघून बनवलेलं होतं. पण आत्यांच्या भटारखान्यात खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच दिसे. जो तो येता-जाता तिला नुसता हात लावून जाई.

तशी खुर्ची लागणारी माणसं त्यांच्याकडे होती. दुसऱ्या कंत्राटदारांनी ‘‘हे काय आपल्याला झेपणार न्हाई’’ म्हणून सोडून दिलेली माणसं आत्यांकडे येत. पोळ्यांना शकुंतला होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आधीच्या ठिकाणी तिला हाक मारायची म्हणजे तिच्या अंगावर पिठाची चिमूट फेकत, आणि काम नसतानाही फेकत. आत्यांनी तिच्या पाटाखाली एक लांब फळी टाकली. बोलवायचं असेल त्यानं फळीच्या टोकावर पाय आपटायचा, म्हणजे तिला कळे. मग हाताने सांगायचं. मी एकदा म्हणालो, ‘‘पण आत्या, तिला वाढायला नेलंत तर पाहुण्यांचं कसं कळणार?’’

‘‘पुस्तकराव, पंगतीत कंदी बसलाय का? समद्यांच्या तोंडात घास असतो. नको असंल तर पानावर हात आडवा, पायजे असंल तर बोट. पंगतीत समदेच मुके!’’

दुसऱ्या दिवशी शकुंतला वरण वाढायला गेली आणि पंगत उठेपर्यंत पाहुण्यांना पत्ताही लागला नाही. उलट ती ‘‘वरण, वरण’’ असं कानाशी ओरडत नाही याबद्दल एका म्हाताऱ्या पाहुण्यानं माझ्याकडे समाधान व्यक्त केलं.

त्यांच्या राज्यात एक शब्द बंद होता. ‘बिचारा’. बिचारी, बिचारे, सगळी रूपं बंद. जो उच्चारील त्यानं लसणाची टोपली घेऊन बसायचं आणि ती सोलून संपल्याशिवाय उठायचं नाही. मी दोनदा बसलो आहे. दुसऱ्या वेळी तर मी बेडकाला म्हणालो होतो. तो पाण्याच्या पिंपात पडला होता. आत्या म्हणाल्या, ‘‘बेडकाला पन न्हाई. आधी भाईर काडा.’’

सुदाम त्यांच्याकडे कसा आला ते मी पाहिलं आहे. चांगला तिशीतला माणूस, उंच, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली, समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघत बोलणारा. थोरली बहीण त्याला घेऊन आली होती. आधी तो स्टँडजवळच्या हॉटेलात होता. तिथं एक गिऱ्हाईक ओरडलं, ‘‘अरे पाणी आण लवकर, मरायला लागलोय!’’ सुदाम पळत गेला आणि डॉक्टरला घेऊन आला. मालकानं त्याच दिवशी काढून टाकलं. सुदाममध्ये जे काही वेगळं होतं त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे शब्द नव्हता. गावाकडे शब्द पुष्कळ होते, पण त्यातला एकही बरा नव्हता.

आत्यांनी त्याला विचारलं, ‘‘डाक्टरला का आनलं रं?’’

‘‘त्यो मरायला लागला हुता.’’

‘‘आनि पानी?’’

‘‘ते पन नेलं की. डाक्टरनं दिलं त्याला.’’

आत्या बहिणीला म्हणाल्या, ‘‘ह्याच्यात काय बी खोट न्हाई. गिऱ्हाइकात हाय.’’ आणि सुदाम राहिला.

आता त्याला काही अद्भुत येत होतं असं समजू नका. बुंदीचे लाडू वळायला दिले तर त्यांनी दगडफेक करता आली असती. पण त्याला पंगत आवडे. पंगतीला सुरुवात असते, शेवट असतो, मीठ कुठे आणि लिंबू कुठे हे ठरलेलं असतं. सुदाम मीठ, लिंबू आणि चटणी वाढी. रांगेतलं एक पान चुकवत नसे, आणि पुढाऱ्याच्या पानावर जेवढी चटणी तेवढीच रांगेच्या शेवटी बसलेल्या बँडवाल्याच्या पानावर. हे पुढाऱ्यांच्या लक्षात येई आणि त्यांना आवडत नसे. बँडचा मात्र त्याला त्रास होई. वाजंत्री दाराशी आली की आत्या ओरडत, ‘‘सुदाम, खुर्ची!’’ मग तो कानात कापूस घालून खुर्चीत बसे, ती भिंतीकडे फिरवून घेई आणि आवाज थांबला की परत कामाला लागे. कुणी काही विचारत नसे.

त्याच्यामुळे आत्यांनी सगळ्यांना सरळ बोलायला लावलं. ‘‘भाताकडं बघ’’ म्हटलं की सुदाम भाताकडे बघत उभा राही आणि भात करपे. तेव्हा ‘‘भाताखालची लाकडं काढ’’ असं म्हणायचं. ‘‘जरा इकडचं आवरून घे’’ बंद. ‘‘ही पातेली पिंपाजवळ ठेव’’ सुरू. सगळ्यात जास्त हाल माझे झाले. मी पुस्तकी माणूस, ‘शक्य झाल्यास’ आणि ‘एकंदरीत’ यांच्याशिवाय माझं वाक्य उभं राहत नसे. आत्या मध्येच तोडत, ‘‘शेपूट काडा, पुस्तकराव, शेपूट. काय पायजे?’’ गंमत म्हणजे सगळ्या गड्यांची कामं लवकर व्हायला लागली. निम्मा भटारखाना आजवर काय सांगितलंय हेच न कळता चालला होता, हे तेव्हा उघडकीस आलं.

आणखी एक नियम सांगून ठेवतो. पंगती उठल्यावर जे उरेल ते यजमानाच्या गाडीत. आत्यांची माणसं त्यातलं काही घरी नेत नसत. वाढायला नेलेलं आणि कुणी न घेतलेलं ते सगळं ‘उरलेलं’. ते कोठीच्या खोलीत ठेवायचं आणि शेवटी यजमानाच्या गाडीत नेऊन ठेवायचं. हे काम सुदामकडे होतं.

मग ते लग्न आलं. आमच्या कार्यालयाच्या ट्रस्टचे चेअरमन होते, त्यांच्या पुतणीचं. आमच्या जिल्ह्यात चेअरमन हा हुद्दा नसतो, ती जात्याच येणारी प्रकृती असते. हे गृहस्थ आणखी कशाकशाचे चेअरमन होते ते त्यांना स्वतःलाही आठवावं लागे. फेटा असा, की आधी फेटा दारातून आत येई आणि मग चेअरमन. तीन पंगती झकास उठल्या. मग राहिली विहिणीची पंगत.

तिच्यासाठी पाटाभोवती रांगोळ्या, उदबत्त्या, चांदीची भांडी. वराची आई आणि तिच्या बायका बसतात आणि मुलीकडचे त्यांना आग्रह करतात. विहिणीनं ‘नको’ म्हणायचं, वाढणाऱ्यानं वाढायचं, तिनं ‘पुरे हो पुरे’ म्हणायचं, त्यानं आणखी वाढायचं. एवढ्यावर मुलीचं सासरचं पहिलं वर्ष कसं जाईल ते ठरतं. नेमके जिलबी वाढणारे दोघे गडी दुपारी मिरवणुकीत नाचायला गेले होते. परत आले ते उभं राहायच्या स्थितीत नव्हते. कुणीतरी घाईत जिलबीची परात सुदामच्या हातात दिली. आजवर तो मीठ वाढत होता, आणि मिठाचा आग्रह कुणी करत नाही. त्यामुळे यात काय घडू शकतं याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

सुदाम विहीणबाईंपुढे वाकला. ‘‘जिलबी?’’

विहीणबाई मान वळवून लाजल्या. ‘‘नको बाई, नको.’’

‘‘बरं,’’ सुदाम म्हणाला आणि पुढच्या पानाशी गेला.

पुढच्या बाईही ‘‘नको’’ म्हणाल्या. थोरलीनं नको म्हटल्यावर धाकटी कशी हो म्हणेल? सुदाम भराभर टोकाला पोचला. परात भरलेली, पानं रिकामी. उदबत्त्यांचा धूर तेवढा हलत होता. मुलीची आई भानावर आली.

‘‘अवो, वाढा की!’’

‘‘त्या नको म्हनल्या.’’

‘‘तरी वाढा!’’

‘‘नको म्हनल्यावर कसं वाढू? पान त्यांचं हाय.’’

विहीणबाईंनी हात पानावरून मागे घेतला. मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. आणि चेअरमन गरजले, ‘‘हे येडं कुनी आनलं? मॅनेजर! ह्याला आत्ताच्या आत्ता भाईर काढा. परत ह्या कार्यालयात दिसला तर आत्यांचं कंत्राट बी बंद!’’

सुदामनं परात खाली ठेवली. आवाज त्याला सहन होत नव्हता. तो सरळ भटारखान्यात गेला, कानात कापूस घातला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी मागोमाग गेलो. बसलेल्याला काही विचारायचं नाही असा नियम होता. त्याला हाकलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण त्या लाल पाठीमागे उभं राहिल्यावर दोन्ही एकच वाटलं. मी उभा राहिलो. शकुंतला पोळी लाटायची थांबली होती. हे काम गेलं तर सुदामला ठेवून घेणारं दुसरं ठिकाण कर्जतमध्ये नव्हतं, आणि हे त्या भटारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, लवंग थुंकली आणि हातातल्या झाऱ्यासकट बाहेर गेल्या. मी धावलो. झाऱ्यातून पाकाचे थेंब रांगोळीवर पडत होते. त्या विहीणबाईंसमोर फतकल मारून बसल्या.

‘‘विहीणबाई, एक इचारते. राग मानू नका. तुमाला जिलबी पायजे हुती का?’’

‘‘आता असं कसं सांगायचं, आत्या? दोन-तीन डाव इचारायचं असतंय.’’

‘‘पायजे हुती का न्हाई?’’

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. ‘‘हुती की.’’

‘‘मग नको का म्हनला?’’

‘‘असं म्हनत्यात.’’

‘‘त्याला ते ठावं न्हाई. तुमी नको म्हनला, त्यानं नको ऐकलं. आता मला सांगा, लगीन होऊन आल्यापासनं किती डाव नको म्हनला असाल? कुनी ऐकलं का?’’

चेअरमन काही बोलायला पुढे झाले, पण विहीणबाईंनी हात वर केला आणि ते थांबले. त्या दिवशी त्या हाताला तेवढा मान होता. विहीणबाई आत्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले आणि त्या एकदम अशा हसल्या की नथ हातानं धरावी लागली.

‘‘अगं बया! खरंच की गं! मालकानं ऐकलं न्हाई, सासूनं ऐकलं न्हाई. ह्या नवरदेवाला म्हनलं हुतं, मोटरसायकल नको. त्यानं ऐकलं का? ह्यो पयला गडी, ज्यानं पयल्या दमात माजं नको ऐकलं!’’ मग त्या चेअरमनकडे वळल्या. ‘‘आनि तुमी त्यालाच हाकलायला निगाला व्हय? बोलवा त्याला. त्यानं वाढल्याबिगर मी पानावरनं उठायची न्हाई!’’

विहीण रुसली! पण अशी रुसलेली विहीण त्या कार्यालयानं कधी पाहिली नव्हती. चेअरमन फेटा सावरत भटारखान्याकडे धावले, त्यांच्यामागे मुलीचे वडील, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे क्लॅरिनेटवाला. चेअरमन खुर्चीच्या पाठीशी वाकून म्हणाले, ‘‘अहो, चला.’’ खुर्ची हलली नाही. ‘‘सुदामराव!’’ कापूस घट्ट होता.

‘‘बसल्याला इचारायचं नसतं,’’ आत्या मागून शांतपणे म्हणाल्या. ‘‘उटंल तवा उटंल.’’

‘‘आत्या, तिकडं विहीण खोळंबलीय!’’

‘‘खोळंबू द्या. ती बसलीय, त्यो बी बसलाय.’’

मग सगळे थांबलो. भरलेल्या कार्यालयात वऱ्हाडी दाराशी गर्दी करून, टाचा उंचावून, एका सलूनच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत उभे. कुणी खोकलंसुद्धा नाही. चेअरमनना इतका वेळ गप्प उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. अखेर खुर्ची कुरकुरली आणि गोल फिरली. सुदामनं एवढी माणसं पाहिली, तरी तो घाबरला नाही. आवाज नव्हता ना. त्यानं कापूस काढून खिशात ठेवला.

आत्या म्हणाल्या, ‘‘सुदाम, विहीणबाईंना जिलबी पायजे. त्या हो म्हनल्यात.’’

‘‘मग पयल्यांदा का न्हाई म्हनल्या?’’

‘‘चुकलं त्यांचं.’’

‘‘बरं,’’ म्हणून तो उठला, हात धुतले, परात घेतली. विहीणबाईंपुढे वाकला. ‘‘जिलबी?’’

‘‘हो!’’ विहीणबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बोहल्यावरचा नवरदेव दचकला.

‘‘किती?’’

‘‘दोन! न्हाई, तीन!’’

पुढची बाई त्याला वाकूही देईना. ‘‘हो! मला बी हो!’’ तिच्यापुढची तर पाटावर उभी राहिली. मुलीची आई रडत-हसत मठ्ठा घेऊन धावली, तिकडूनही ‘‘हो!’’ आला. आधी जेवून उठलेले पुरुष सतरंजीवरून ओरडायला लागले, ‘‘आमाला बी हो!’’ आणि आत्या झारा उंचावून भटारखान्याकडे पळत सुटल्या, ‘‘कढई चढवा रं! जिलबी संपतीया!’’

सुदामला काढण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. आत्यांनी लग्न ठरवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, ‘‘आमच्या पंगतीत नको म्हंजी नको आनि हो म्हंजी हो. चालत असंल तर तारीख लावा.’’ लोक हसत आणि तारीख लावत. काही जुनी माणसं नाराज होती. आपल्याला कुणी आग्रह करत नाही, मग जेवायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. मी एकदा सवयीनं ‘‘नको नको’’ म्हणालो आणि मसालेभाताला मुकलो. सुदाम पुढे गेला तो गेलाच. बायकांच्या पंगती मात्र झपाझप उठायच्या, आणि त्यांच्यात ‘हो’ची आरोळी अशी उठायची की बाहेर बँडवाले चपापायचे.

पुढे अपंग दिन आला. आपण कायम सुदामच्या बाजूचे होतो, हे तोवर चेअरमनच्या लक्षात आलं होतं. आमच्याच कार्यालयात आत्यांच्या सत्काराचा मोठा समारंभ, स्टेज, लाऊडस्पीकर, नगरहून फोटोग्राफर, आणि जेवणाचं कंत्राट अर्थात आत्यांचं. म्हणजे सत्कार त्यांचाच आणि स्वयंपाकही त्यांचाच. चेअरमन पाऊण तास बोलले. त्यात ‘‘ह्या बिचाऱ्या मुलांना’’ असं म्हणाले तेव्हा मी स्टेजवर बसलेल्या आत्यांकडे पाहिलं. त्या नजरेनं लसणाची टोपली शोधत होत्या. मग माझ्याकडे झुकून पुटपुटल्या, ‘‘जाऊ द्या. आज लसूण आधीच सोललाय.’’

भाषण संपेपर्यंत सुदाम कापूस घालून खुर्चीत होता; आता सत्काराचं तबक त्याच्या हातात होतं. तबकात शाल आणि नारळ. शाल साधी नव्हती. गर्द जांभळी, जरीच्या काठाची, नगरच्या मोठ्या दुकानातली. चेअरमन माईकमध्ये म्हणाले, ‘‘आत्या, आमच्या ह्या प्रेमाचा स्वीकार करा.’’

आत्यांनी पदर डोक्यावर ओढला. टेम्पोशी उभं राहून चार गड्यांना शिव्या घालणारी बाई चक्क लाजली. ‘‘नको नको,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला कशाला? नको.’’

‘‘बरं,’’ सुदाम म्हणाला.

तो तबकासकट वळला आणि पायऱ्या उतरून चालायला लागला. चेअरमनचे शाल घ्यायला पसरलेले दोन्ही हात तसेच पसरलेले राहिले आणि फोटोग्राफरनं तोच फोटो काढला. समोरच्या बायका आधी गोंधळल्या, मग त्यांच्यातून असा काही हशा उठला की लाऊडस्पीकर कुणाला ऐकूच येईना. सुदामनं तबक कोठीत नेऊन ठेवलं. कुणी न घेतलेलं ते उरलेलं. जेवणं आटोपल्यावर बुंदी आणि मसालेभाताच्या पातेल्यांबरोबर शाल आणि नारळही नीट चेअरमनच्या गाडीत गेले.

संध्याकाळी खुर्ची टेम्पोत चढली. आत्या पुढे बसल्या. मी काच ठोठावून म्हणालो, ‘‘वा आत्या! चेअरमनची काय जिरवलीत!’’

आत्या मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘शाल लई चांगली हुती वो, पुस्तकराव.’’

‘‘मग नको कशाला म्हणालात?’’

ड्रायव्हरनं टेम्पो सुरू केला. मागे सुदाम शर्टाची सगळी बटणं लावून खुर्चीत बसला होता आणि खुर्ची हलू नये म्हणून शकुंतलेनं ती दोन्ही हातांनी धरली होती. आत्यांनी नवी लवंग तोंडात टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

‘‘असं म्हनत्यात.’’